'मंडळी' आणि तिचा उंबरठा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आधारे एक विचार

१

ख्रिस्ती मंडळी निरोगी आहे की नाही हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राचा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु कोणतीही धर्मसंस्था स्वतःविषयी अहवालांत जे सांगते त्यापेक्षा तिच्या गीतांत, कथांत आणि आत्मचरित्रांत अधिक खरे उतरते. अहवालात बाप्तिस्म्यांची संख्या असते, शाळांची असते, जमलेल्या वर्गणीची असते. ती मंडळी कोणाशी बोलत होती, कोणत्या भाषेत बोलत होती आणि ऐकणारा आपल्यात आला नाही तर त्याच्याशी पुढे कशी वागत होती, हे मात्र वाङ्मयातच पाहावे लागते. म्हणून हा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील काही ग्रंथांपुढे ठेवून पाहण्याचा येथे विचार आहे.

आरंभी शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. नव्या करारातील 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ बोलावून एकत्र आणलेली सभा असा आहे. त्यासाठी मराठी प्रॉटेस्टंटांनी 'मंडळी' हा शब्द रूढ केला. कॅथलिक परंपरेत 'ख्रिस्तसभा' हा शब्द चालतो. यांपैकी 'मंडळी' हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत भजनी मंडळी असते, नाटक मंडळी असते, घरची मंडळी असते, आणि दारी आलेल्या पाहुण्यांनाही आपण 'मंडळी आली' असेच म्हणतो. एकाच शब्दात घरातली माणसे आणि बाहेरून आलेली माणसे या दोहोंचा समावेश व्हावा, ही सोय संस्कृतातून घडविलेल्या एखाद्या पारिभाषिक शब्दाने झाली नसती. हा शब्द ज्यांनी निवडला त्यांच्या मनात एवढा विचार असेलच असे नाही. तथापि शब्द एकदा घेतला की त्याचा संसारही घ्यावा लागतो. 'मंडळी' म्हणविणाऱ्या संस्थेला दार लावून बसणे शोभत नाही, असे हा शब्दच तिला सुचवीत राहतो.

२

एकोणिसाव्या शतकात मिशन-कार्याच्या धुरीणांनी मंडळीच्या प्रौढत्वाचे एक माप ठरविले होते. चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन या दोघांचे नाव त्या मापाशी जोडले जाते. मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वयंप्रसारी असावी, असे हे त्रिविध सूत्र होय. अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनच्या कामाचीही त्यांनी पाहणी केली. परकीय पैशावर आणि परकीय हुकमतीवर उभी असलेली मंडळी ही कायम पाळण्यातच राहणार, हे त्यांनी ओळखले होते. त्या काळाच्या मानाने हे सूत्र उदार होते यात संशय नाही.

परंतु या सूत्राची घडण पाहिली तर त्यातील तिन्ही शब्दांचा आरंभ 'स्व' या पदाने होतो. आपला कारभार आपण पाहणे, आपला खर्च आपण चालविणे आणि आपली वाढ आपण करणे, या तीन गोष्टी साधलेली मंडळी बलवान होईल. ती निरोगी होईलच असे नाही. तिसरे पद बाहेर पाहणारे आहे हे खरे, पण तेही स्वतःच्या वाढीसाठी बाहेर पाहते. दुकानदारही रस्त्याकडे तोंड करूनच बसतो. तेवढ्याने तो लोकाभिमुख ठरत नाही.

या उणिवेची जाणीव विसाव्या शतकात युरोपातही झाली. नाझी तुरुंगातून १९४४ मध्ये लिहिलेल्या आपल्या टिपणांत डीट्रिख बॉनहॉफर याने मंडळीचे अस्तित्व इतरांसाठी असले तरच ती मंडळी, अशी भूमिका घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्याच दशकात जागतिक चर्च परिषदेने स्थानिक मंडळीच्या रचनेचा याच दृष्टीने अभ्यास करविला. या विचारातून निघणारे माप वेगळे आहे. मंडळीत किती माणसे आली, यापेक्षा जी माणसे तिच्यात कधीच येणार नाहीत त्यांना तिच्यामुळे काय मिळाले, हे त्यात पाहावयाचे असते. हीच कसोटी मराठी ग्रंथांना लावली असता काय दिसते, हे आता पाहू.

३

कालक्रमाने पहिला ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' हा होय. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने दहा हजारांहून अधिक ओव्यांत ख्रिस्तकथा रचली आणि ती १६१६ मध्ये रोमन लिपीत छापून निघाली. १६४९ आणि १६५४ मध्ये तिच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांची पूर्वीची पुराणे गेली होती. त्यांच्या जागी ऐकण्याजोगे काही तरी द्यावे, ही मागणी ग्रंथाच्या आरंभीच एका ब्राह्मण श्रोत्याच्या मुखी घातली आहे. म्हणजे हा ग्रंथ आतल्या माणसांसाठी लिहिला गेला. तरीही त्याची ओवी, श्रोता-वक्त्यांची योजना आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' म्हणण्याची मोकळीक यांमुळे तो ख्रिस्ती वाडीच्या बाहेरच्या वाचकालाही आपला वाटतो. मराठी भाषेच्या स्तुतीसाठी तर त्याची आठवण ज्यांनी तो कधी उघडला नाही तेही काढतात.

येथेच आपल्या कसोटीपुढे पहिली अडचण उभी राहते. ज्या धर्मसत्तेच्या छत्राखाली हे पुराण रचले गेले, तिच्याच कारकीर्दीत १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. आणि १६८४ मध्ये कोकणीचा वापर सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारण्याचा हुकूम सुटला. लोकांची भाषा उत्तम बोलणारी मंडळी लोकांशी उत्तमच वागते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. पुराण हिरावून घेतल्यावर पुराण देणे, हे देणे खरेच. पण ते आधीच्या हिरावण्यापासून वेगळे करून वाचणे हा समीक्षेतील भाबडेपणा होईल. 'ख्रिस्तपुराणा'च्या ओव्यांचे सौंदर्य आणि त्यांच्यामागील सत्तेचे दडपण, ही दोन्ही एकाच वेळी दृष्टीसमोर ठेवावी लागतात. भाषेची आपुलकी ही बहिर्मुखतेची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे, एवढे या ग्रंथावरून निश्चित होते.

४

पुढचा टप्पा एकोणिसाव्या शतकातला. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे आपल्याला तिच्या दिशेपुरतेच पाहावयाचे आहे. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, गावोगावी विधवांची दुःखे पाहतात, ऐकतात. ही दुःखे ख्रिस्ती घरांतील नव्हेत. आपल्या मंडळीच्या बाहेरच्या स्त्रियांचे केशवपन, उपासमार आणि अवहेलना हा विषय घेऊन एक ख्रिस्ती लेखक संपूर्ण महाराष्ट्रापुढे उभा राहतो, ही घटना बहिर्मुखतेच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

परंतु कथेचा शेवट पाहावा. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना उघडपणे ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह ख्रिस्ती समाजात होतो. व्यक्तिगत कथा म्हणून यात गैर काही नाही. मात्र प्रवासात भेटलेल्या इतर विधवांचे काय, याला कादंबरीजवळ उत्तर नाही. ज्या दाराने यमुना सुटली ते एकच दार लेखकाला दिसते. त्या दाराने न येणाऱ्या स्त्रीविषयी त्याला करुणा आहे, पण तिच्यासाठी योजना नाही. प्रश्न बाहेरचा आणि उत्तर फक्त आतले, अशी ही रचना आहे. मिशनच्या पत्रकांत आणि बोधकथांत हीच रचना पुढे साचा बनून गेली. ते वाङ्मय मिशनच्या आवाराबाहेर फारसे वाचले गेले नाही, याचे कारण केवळ वाचकांच्या पूर्वग्रहात शोधणे बरोबर नाही. आपण कोठे नेले जाणार हे पहिल्या पानावरच कळले म्हणजे वाचक पाऊल उचलीत नाही.

याच प्रश्नाचे प्रत्यक्षातील रूप पंडिता रमाबाईंच्या कार्यात दिसते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले; पुढे ते पुण्यास गेले. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत या वादात १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सुधारकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती याचा निवाडा येथे करावयाचा नाही. सेवा आणि साक्ष यांची सरमिसळ होते आहे असा संशय आला की बाहेरच्याचा विश्वास किती लवकर सरतो, एवढे त्यातून दिसते. रमाबाईंचे काम त्याने थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या स्त्रियांनी केडगावचे मुक्तिसदन भरले. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य बाईला समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. त्यांचा मृत्यू १९२२ मध्ये झाला. भाषांतर १९२४ मध्ये पुरे छापून निघाले आणि त्याच्या छपाईत मुक्तिसदनातील स्त्रियांचाच हात होता. विद्वानांच्या मर्जीतून उतरलेली ही विदुषी अडाणी समजल्या गेलेल्या बाईकडे वळली. बहिर्मुख होणे म्हणजे नेहमी प्रतिष्ठितांकडेच तोंड करणे नव्हे, हा तिच्या कार्याचा धडा आहे.

५

तथापि या कसोटीला सर्वांत पूर्णपणे उतरणारा मराठी ग्रंथ कोणता, असे विचारल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडेच बोट दाखवावे लागेल. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र ख्रिस्ती वाचकांपुरते कधीच राहिले नाही. शाळेत न गेलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या एका बाईचे हे पुस्तक मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. त्याच्या विनोदाविषयी, घरगुती भाषेविषयी आणि निर्मळ मोकळेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु मंडळी म्हणजे काय, या प्रश्नावरचा एक गंभीर ग्रंथ म्हणून ते क्वचितच वाचले गेले.

ग्रंथाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने होतो. १८५७ च्या धामधुमीत एका नातलगास झालेल्या फाशीने त्या माणसाच्या मनावर असा आघात केला की पुढे घरातील प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यातच त्याचे आयुष्य गेले आणि त्या धुण्याखाली घरातील बायकामुलांचे हाल झाले. लक्ष्मीबाई हे सारे हसतखेळत सांगतात. तरी या हसण्याखाली एक भयाण चित्र आहे. बाहेरच्या स्पर्शाचे भय घेतलेले घर कसे असते, ते आपण येथे पाहतो. संपूर्ण ग्रंथाचा प्रवास या घरापासून दुसऱ्या घराकडे आहे. त्या दुसऱ्या घरात येणाऱ्यास अटकाव नाही, आणि कधी कधी घरच्यांना पुरेल इतके अन्नही नाही.

या प्रवासाचा मधला टप्पा विशेष बोलका आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्याची आधी कल्पना नव्हती. त्यांचे सारे जग त्याने उलथून गेले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. ख्रिस्ती पती आणि सोवळ्यातली हिंदू पत्नी एकाच संसारात वेगळ्या चुलींनी राहत होती. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे एके दिवशी, जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराशी त्या एकट्याच झुंजल्या आणि तो माणसाचाच आहे असा निर्णय करून कोणाच्याही हातचे खाण्यास सिद्ध झाल्या. बाप्तिस्म्याची गोष्ट त्यानंतरची. जातीची भिंत त्यांच्या मनात आधी पडली आणि मंडळीत प्रवेश मागाहून झाला, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. मंडळीचा पहिला परिणाम मंडळीच्या बाहेर असलेल्या एका मनावर झाला. त्यासाठी त्या मनाला वेळ देण्यात आला होता, आणि हा वेळ देणेच महत्त्वाचे होते.

ग्रंथाच्या उत्तरार्धातील टिळकांचे घर हे या दृष्टीने मंडळीचे लहानसे रूपच आहे. दुष्काळातली अनाथ मुले तेथे येतात. प्लेगच्या दिवसांत हे दांपत्य छावणीतील रोग्यांची सेवा करते. आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, त्या घरात येऊन राहतात. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांची प्रतिभा प्रथम लोकांच्या नजरेत भरली, त्या या तरुण कवीस टिळकांनी मुलासारखे वागविले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून त्या घरातील त्यांचे स्थान कमी झाले असेही 'स्मृतिचित्रां'त कोठे दिसत नाही. मिशनच्या कोणत्याही अहवालात ज्याची नोंद झाली नसती, अशी ही घटना आहे: एका रेव्हरंडाच्या घरात राहून एक हिंदू कवी अधिक चांगला कवी झाला. मराठी कवितेच्या इतिहासाने मात्र ती नोंद ठेवली आहे. आत न येणाऱ्यास काय मिळाले, या आपल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण आहे.

लक्ष्मीबाईंची लेखनपद्धतीही याच वृत्तीची आहे. त्या ख्रिस्ती मंडळीतील क्षुद्रपणा लपवीत नाहीत आणि सोडून आलेल्या हिंदू नातलगांची माया विसरत नाहीत. पतीचे मोठेपण सांगताना त्यांचा तापटपणा आणि पैशाच्या बाबतीतील बेफिकिरीही सांगतात. धर्मांतराच्या बहुतेक कथांत 'पूर्वीचा अंधार आणि आताचा उजेड' अशी सरळ विभागणी असते. येथे ती नाही. उजेड दोन्हीकडे आहे आणि धूरही दोन्हीकडे. ज्या लेखिकेला स्वतःच्या समाजाचे समर्थन करण्याची घाई नाही, तिच्यावर बाहेरचा वाचक विश्वास ठेवतो.

६

नारायण वामन टिळकांनी मात्र घरापुरते साधलेले हे जीवन संस्थेच्या रूपात आणू पाहिले, आणि तेथे प्रश्न बिकट झाला. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ मध्ये निघालेल्या या पत्रातून त्यांनी ख्रिस्ती समाजाला सातत्याने आत्मपरीक्षण करावयास लावले. भजन, अभंग आणि कीर्तन या देशी रूपांतून उपासना व्हावी, यासाठी त्यांनी जे लिहिले त्याचा मोठा भाग 'उपासनासंगीता'त आजही गाइला जातो. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. 'ख्रिस्तायन' या अपुऱ्या राहिलेल्या महाकाव्याची कल्पना तिच्यातूनच निघाली. लक्ष्मीबाईंनी ते पुढे पुरे केले आणि १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची स्थापना केली. साताऱ्यास त्याचे केंद्र होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते. आपला समाज सोडण्याची अट नव्हती. वेतन सोडण्याचा आणि दरबार स्थापन करण्याचा परस्परसंबंध लक्षात घेतला पाहिजे. उपदेशकाचा पगार परदेशातून येतो, तोवर त्याचा शब्द त्याचा स्वतःचा आहे यावर बाहेरच्याचा विश्वास बसत नाही, हे त्यांनी ओळखले होते. स्वावलंबनाचा जो अर्थ अँडरसनच्या सूत्रात होता त्याहून हा अर्थ पुढे जाणारा आहे. तेथे स्वावलंबन मंडळीच्या प्रौढत्वासाठी हवे होते. येथे ते ऐकणाऱ्याच्या विश्वासासाठी हवे आहे.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगरास ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यात त्या कल्पनेचा काही अंश उतरला. पण मूळ दरबार एका माणसाच्या तेजावर उभा होता. त्याला नेम नव्हते, वारसा नव्हता, आणि ज्यांनी बाप्तिस्मा घेऊन घरदार गमावले होते त्यांना, न घेताही हेच मिळत असेल तर आपल्या त्यागाचा अर्थ काय, या प्रश्नाचे समाधान त्याच्याकडे नव्हते. ज्या घराला उंबरठाच नाही तेथे कोणी आत आला असे म्हणताच येत नाही. उंबरठा असावा, पण तो ओलांडता येण्याजोगा असावा आणि न ओलांडणाऱ्यासही दारात बसता यावे, अशी मंडळी टिळकांना हवी होती. तिची घडण करण्यास त्यांना अवघी दोन वर्षे मिळाली.

७

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्टीफन्स यांचा श्रोता ब्राह्मण. टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई जन्माने ब्राह्मण. परंतु अहमदनगर परिसरातील मंडळीचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला होता. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना मिशनचे आवार हे आयुष्यात प्रथमच लाभलेले 'आत' होते. त्यांच्यापुढे बहिर्मुखतेचा उपदेश करणे म्हणजे, मोठ्या कष्टाने मिळालेले छप्पर सोडून पुन्हा उन्हात उभे राहा असे सांगणे नव्हे काय? समाज न सोडता शिष्य व्हावे, ही दरबाराची सवलत ज्याला समाजात मान आहे त्याला गोड वाटेल. ज्याचा समाजात अपमानच होतो त्याला ती सवलत कशी वाटावी?

या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. स्वातंत्र्यानंतर तो अधिकच तीव्र झाला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला; ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र त्यात स्थान मिळालेले नाही. जात मागे लागलेली आणि जातीमुळे मिळणारे संरक्षण मात्र नाही, अशा स्थितीतील माणसाने आधी आपल्या मंडळीच्या भिंती मजबूत कराव्या असे म्हटले, तर त्यास अंतर्मुख म्हणून दोष देता येत नाही.

म्हणून आपल्या कसोटीस एक पुरवणी जोडली पाहिजे. मंडळी बाहेर पाहते की नाही हे विचारण्यापूर्वी, तिच्या आत कोणी अजून बाहेरचाच राहिला आहे काय, हे विचारावे लागते. प्रभुभोजनास एकत्र बसणारी माणसे लग्नाच्या पंगतीस आणि सोयरिकीस वेगळी होत असतील, तर त्या मंडळीचे बाहेरचे सेवाकार्य कितीही मोठे असो, ते पोकळ ठरते. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाचे मोल येथे पुन्हा जाणवते. त्यांची बहिर्मुखता उच्चवर्णीयांच्या पसंतीसाठी नव्हती. स्वतःच्या मनातील शिवाशीव मोडण्यापासून तिचा आरंभ झाला. हाच क्रम योग्य होय. आतला उंबरठा ओलांडल्यावाचून बाहेरचा ओलांडता येत नाही.

८

अलीकडच्या काळातील एक उदाहरण घेऊन हा विचार पुरा करता येईल. वसईतील कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. धर्मग्रामाचे म्हणून ओळखले जाणारे ते मासिक त्यांनी मराठी साहित्यातील चर्चेचे ठिकाण बनविले. वसईची शेती, विहिरी आणि झाडी बेबंद बांधकामापासून वाचविण्यासाठी उभ्या राहिलेल्या 'हरित वसई' चळवळीत ते अग्रभागी होते. विहिरीचे पाणी आटले तर ते ख्रिस्ती आणि हिंदू या दोघांचेही आटते. त्या लढ्यात कोणास आत घेण्याचा प्रश्न नव्हता. त्यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. सेवा एका बाजूस आणि भाषा दुसऱ्या बाजूस, अशी फारकत त्यांच्या कार्यात नव्हती.

मराठी समीक्षेने 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' अशी एक वेगळी कोठी करून ठेवली आहे. संशोधनाच्या सोयीसाठी ती आवश्यक होती, डॉ. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या कोठीतील धन उजेडात आणले नसते तर आज आपल्यापाशी चर्चेस साधनच नसते. परंतु या कोठीचा उंबरठाही आता तपासला पाहिजे. 'स्मृतिचित्रे' तिच्याबाहेर पडून साऱ्या मराठीचे झाले आणि शेकडो बोधपुस्तके तिच्यातच राहिली, याची कारणे केवळ कलागुणांत नाहीत. एका पुस्तकाने वाचकाकडून काही मागितले नाही आणि दुसऱ्यांनी पहिल्या पानापासून मागणे सुरू केले, हा भेद त्यांच्या मुळाशी आहे. मंडळीच्या बाबतीतही तोच भेद लागू पडतो. आपल्या संख्येत भर न घालणाऱ्या माणसासाठी तिने किती दिले, याचा हिशेब तिच्या वहीत सापडणार नाही. तो शोधण्यासाठी आपल्याला बालकवींच्या चरित्रात, वसईच्या विहिरींच्या काठी आणि 'स्मृतिचित्रां'च्या अख्रिस्ती वाचकांत जावे लागेल. त्या दिशेने अजून पुष्कळ संशोधन व्हावयाचे आहे.